गिझरच्या डावीकडे

वासरांच्या मानेवरचं गजकर्ण
मी तीन आठवड्यांत बरं करते.
खपली खरवडते, मलम लावते,
मालकाला सांगते, गोठ्यात ऊन येऊ दे.
तो आभाळाकडे बघतो,
मग माझ्याकडे,
आणि काही बोलत नाही. नवीन डॉक्टर.

केप्याला आले तेव्हा जून संपत होता.
भाड्याचं घर, बाथरूमला हातभर खिडकी,
खिडकीपलीकडे फणस, फणसापलीकडे पाऊस.
गिझरच्या डावीकडे एक काळा ठिपका
मोहरीएवढा.
बोटानं पुसला. गेला.

गुरुवारी आठ होते.

मग ब्लीच. नाक जळेपर्यंत ब्लीच.
मग व्हिनेगर, खायचा सोडा,
निवृत्त टूथब्रश घेऊन गुडघ्यांवर
फरशीच्या फटीफटीतून.
हार्डवेअरवाले सिनारी म्हणाले, हा पेंट न्या, बुरशी खातो.
बुरशीनं पेंट खाल्ला.
झरोक्यात पंखा बसवला, तर दोन दिवस वीज नव्हती,
तेवढ्यात कुंभारीण माशीनं पात्यावर मातीचं घर बांधलं,
आणि वीज आल्यावर बटण दाबायला
माझा हात होईना.

टॉवेल चौथ्या दिवशीही कालचाच ओला.
मीठ चमच्यानं नाही, वाटीनं ओतायचं.
चपलांना मिशा फुटल्या.
पदवीच्या फ्रेममध्ये, काचेच्या आतून,
माझ्या आडनावावर पांढरी लव आली,
उरलेली विद्या अजून कोरडी आहे.

मी जतची.
आमच्याकडे भिंतीला ओल दिसली
तर शेजाऱ्यांना हाक मारून दाखवायचे,
बघा, कुठनं येतंय, खणायचं का इथं?
आई फोनवर सगळं ऐकून घेते
आणि म्हणते, अगं, थोडी हिकडं पाठवून दे.

घरमालकीण स्विंडनला असते. एस्पेरान्सा.
तिला मी भिंतीचा फोटो पाठवला, खाली भाड्याचा विषय काढला.
तिनं रात्री उशिरा उलट फोटो पाठवला,
कपाटामागची तिची भिंत,
छतापर्यंत काळी.
हीटर परवडत नाही, खिडकी उघडली तर मुलं खोकतात,
भातसुद्धा दार लावून शिजवते, असं लिहिलं होतं.
मी फोटो मोठा करून कडा तपासल्या, सवयीनं.
जात वेगळी वाटली. जरा तपकिरी.

मग तिनं विचारलं,
आमची अजून तिथंच का, गिझरच्या डावीकडे?
गिझर नव्हता तेव्हा तिथं तांब्याची भाण होती.
मम्मा दर नाताळाआधी चुना लावायची,
पुढच्या पावसात पुन्हा तेच.
मला त्यात कुत्रा दिसायचा, बसलेला.
बघ ना, दिसतो?

भाड्याचं उत्तर राहूनच गेलं.

मी बादली उपडी घालून बसले समोर.
कुत्रा काही दिसला नाही.
वासरू म्हणता आलं असतं, तेही आजारी.
मग पाठ सापडली, मग एक कान,
दुसरा नळाच्या मागे गेलेला.

रविवारी घासलं. घासावं तर लागतंच.
तो कान शेवटी घासला.
तिला कळवलं, होता. आत्ता नाही.
ती म्हणाली, येईल. कधी?

मी म्हटलं, गुरुवारी.