ब्रेकच्या तारांचा पूल

सायकलच्या ब्रेकच्या चार तारा,
सागवानाचे दोन मनोरे,
कुल्फीच्या काड्यांचा रस्ता:
लातूरच्या पॉलिटेक्निकात, खोली नंबर नऊ,
हा पूल मी बांधला. मी दस्तगीर.
रजिस्टरात परिचर, पोरांसाठी मामू.

कुलथे मॅडम म्हणाल्या होत्या, लांब पाहिजे.
मग दोन टेबलं जोडली,
दोन्ही मनोऱ्यांखाली शिलाई मशीनची एकेक मोटार.
खरा पूल असतो पाऊण कोस,
आणि लाट काही दोन्ही पायांना एकदम शिवत नाही.
या पायाला कळतं.
त्या पायाला कळेपर्यंत एक श्वास जातो,
तेवढ्यात मधला रस्ता पिळून निघतो.

आमच्या तेरणेवर असला पूल कोण बांधणार?
मे महिन्यात पुलाखाली पोरं स्टंप रोवतात.
पण अभ्यासक्रमात आहे.

पुलाशेजारी एक घर ठेवायचं होतं.
तेही माझ्याच हातचं:
चिंचोक्याएवढे दगड, मधे चिखल,
वर मातीचं जाड माळवद.
"जोरात," मॅडम म्हणाल्या. मी बटण पिळलं.
घर आठ सेकंदांत आपल्याच पोटात बसलं.
मी मोजले.
पुलाचे मनोरे झणझणले, तारा गुणगुणल्या,
रस्ता मात्र डोहात बसलेल्या म्हशीसारखा निवांत.
बिराजदाराचं पोरगं ओरडलं, पूलच भारी!

"थांबा. आता सावकाश."
मी दुसरं घर मांडलं. (दोन केली होती. का, विचारू नका.)
मोटार आता पाळण्याच्या दोरीइतकी हळू.
घराचा खडा हलला नाही.
आणि पूल निघाला.
आधी दोन बोटं, मग वीत,
मग असा, की पहिल्या बाकावरच्या महानंदानं
वही मागं ओढली.
मॅडम फळ्यावर लिहीत होत्या:
खऱ्या पुलाचा एक हेलकावा, दहा-पंधरा सेकंद.
दूरच्या मोठ्या भूकंपाची लाट येता येता संथ होते,
वाटेतलं बुटकं काही पाडत नाही,
नेमकी याच्या चालीला चाल लावते.
"धक्का सगळ्यांना तोच," म्हणाल्या,
"पण ज्याची लय जुळते, त्यालाच तो धरतो."

मी मोटारी बंद केल्या.
तास संपला. डबे, सॅका, जिना.
पूल हलतच होता.

त्र्याण्णवला मी सात वर्षांचा.
घर बसलं, आत अब्बा आणि नूर.
अंगणात बाभळीपासून लिंबापर्यंत
धुण्याची तार होती.
उजाडलं तेव्हा तिच्यावर
अब्बांची लुंगी, नूरचा फ्रॉक,
एक चिमटा सुटलेला नव्हता.

थोरला मुनीर भिवंडीत, यंत्रमागावर.
त्याला तिसऱ्या दिवशी कळलं.
तो छाती बडवत आला तेव्हा
माझं रडून झालं होतं,
मी बिस्किट खात होतो.
ते बिस्किट त्याच्या डोळ्यांत अजून आहे.
ईदला भेटतो आम्ही. मधे अम्मा बसते.

अम्मा उशाशी तांब्यावर तांब्या रचून झोपते,
सरकारी सिमेंटच्या घरात, दार उघडं टाकून.
उसाचा ट्रक गेला की वरचा पडतो.
मी उठतो, रचतो, झोपतो.

बराच वेळ बघत बसलो.
पूल वीतभर, मग चार बोटं,
मग हलतोय की मला वाटतंय, असा.

मॅडम किल्ली द्यायला परत आल्या.
वाकून टोकाला बघितलं.
"सांध्यात जागा किती सोडलीत?"
"बोटभर."
"कमी पडतेय. इथं धडकून काडी फुटलीय."

उद्या कानस आणतो, म्हणालो.
मग उद्या कशाला, ड्रॉवरमध्येच होती.
घासत बसलो. भुसा पडत राहिला
दुसऱ्या घराच्या माळवदावर.