पाच टक्के राखीव

रात्रीचे पावणेतीन. रावपुऱ्यातली रक्तपेढी.
फ्रिजांची घरघर, तिच्या खालच्या पट्टीत सर्व्हरची.
डिस्क भरली. नव्या पिशवीची नोंद घेत नाही,
म्हणून नळीवर चिकटपट्टी, तिच्यावर पेननं नंबर,
आणि मला घरून बोलावणं.

जिगीषा म्हणते, ‘पाच टक्के राखीव पडलेत ने, ताई.
कोणी वापरत पण नाही. झीरो करून टाका.
एकच तर ओळ आहे.’

एकच ओळ असते, बाई. नेहमीच.

भरलेल्या डिस्कवर मी आत कशी आले, सांग?
सगळ्यांना दार बंद, आणि रूटला बसायला पाट:
तो पाट म्हणजे हे पाच टक्के.
खालच्या कप्प्यात ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या आहेत.
त्याही कोणी वापरत नाही.
वापरायची रात्र येईपर्यंत.

ती गप्प. मग हळूच, ‘पण पाच जास्त नाही?’
आहे. तेही खरं.
डिस्क केवढाल्या झाल्या, आकडा जुनाच राहिला.

गुप्तेसाहेबांनी जाताना किल्ल्या दिल्या त्या नंतर,
आधी एक सवय दिली: हात लावण्यापूर्वी वाच.
तर आधी आडवी रेघ आणि एल.
हा पर्याय काहीच बदलत नाही, फक्त सांगतो.
जन्म कधी झाला. शेवटची कुठं जोडली होती.
किती वेळा जोडली, सोडली. अवस्था: स्वच्छ.
आणि मध्येच, तपासणीआधीची कमाल: उणे एक.

उणे एक म्हणजे, मला कधीच तपासू नका.

कोणी लिहिलं हे?
पुराच्या त्या आठवड्यात विश्वामित्री फाटकापर्यंत आली होती,
मगरीच्या भीतीनं वॉचमन टेबलावर बसलेला,
वीज दिवसातून सहादा जात होती,
आणि दर वेळी तपासणीची चाळीस मिनिटं,
बाहेर नातेवाईक.
तेव्हा इथं दुसरं कोणी नव्हतं. मीच असणार.
मग पाणी ओसरलं. आकडा तसाच राहिला.

बॅकअप झाला? उघडून पाहिलास? नुसता झाला नको सांगूस.
आता अनमाउंट. व्यस्त म्हणते? मग कोण धरून बसलंय ते शोध,
जबरदस्ती नको.
उलट फिरायची वाट एका फाइलीत ठेव, आणि ती दुसऱ्या डिस्कवर;
ज्या घराचं कुलूप बदलतोय
त्याच घरात जुनी किल्ली ठेवत नाहीत.

आणि लेबल मोठ्यानं वाच.
पिशवी देताना वाचतो तसं: तू वाच, मी ऐकते,
मग मी वाचते, तू ऐक.
ए की बी?
‘बी, ताई.’
पुन्हा.
‘बी.’
रक्तात काय आणि इथं काय,
एका अक्षरानं माणूस जातो.

राखीव: दोन. कमाल: तीस.
एन्टर तिनंच दाबलं.
काही झालं नाही. काही न होण्याचा
एवढा आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता.

जोडली. चिकटपट्टीवरचा नंबर आत गेला.
रजिस्टरमध्ये लिहायला बसली, तर नवा आकडा आधी.
म्हटलं, जुना आधी लिही. नवा काय, पडद्यावर दिसेलच.

‘आणि हे दोन पण लागले तर?’
मी तोवर खालचा कप्पा उघडला होता,
काट्यावर चार अंश,
पिशव्या मोजत होते. दोन.