गाठीचा मोर

सिव्हिलच्या तळमजल्यावर, शवागाराच्या अलीकडे
माझी खोली. दारावर पाटी नाही,
वास आहे, अगार शिजल्याचा,
पातळ रश्श्यासारखा.
बाहेर चव्वेचाळीस, इन्क्युबेटरमध्ये सदतीस.
मे महिन्यात सोलापुरात
जंतूंना आमच्यापेक्षा गार जागा मिळते.

सकाळी थाळी उघडली.
हिरवट साय, पिकल्या द्राक्षाचा वास.
काल सहा औषधांच्या सहा टिकल्या मांडल्या होत्या.
टिकलीभोवती रिंगण पडायला हवं,
चौकात भांडण लागलं की माणसं मागे सरतात तसं.
पाच टिकल्यांना रिंगण नाही.
जंतू काठाला टेकून बसलेले,
संध्याकाळी ओट्यावर बसावं तसे निवांत.

चिठ्ठीवर नाव : नरसव्वा लिंबय्या गड्डम.
वय अडुसष्ट. साखर. डाव्या टाचेची जखम.
लग्नाआधी माझंही आडनाव हेच.
रजिस्टरमध्ये मी अक्षर वाकडं होऊ दिलं नाही.

नाना साखर पेठेत पत्ते पंच करायचे.
पुठ्ठ्याचा लांब पत्ता.
भोक असेल तिथं सुई आत जाते, धागा उचलतो,
नसेल तिथं धागा पडून राहतो.
नऊशे पत्ते ओवले की चादरीवर एक मोर.
एका दिवाळीच्या घाईत एक भोक चुकलं
आणि मोराच्या मानेत गाठ आली.
शेठ बोंबलला. गठ्ठा पडेल भावात हैदराबादला गेला.
महिन्यानं तिकडून निरोप :
गाठीचा मोर अजून आहे का?
पुढे तीस वर्षं नाना ते भोक
मुद्दाम चुकवत राहिले.

कॉलेजात याहून जास्त मला कुणी शिकवलं नाही.
औषध जंतूला काही शिकवत नाही.
ते नुसतं दारात उभं राहतं
आणि गाठवाले तेवढे आत सोडतं.
बाकीच्यांची चादर कुणी बघितलीच नाही.
वर हे लोक पत्ता शेजाऱ्याला देऊन टाकतात,
नातं न विचारता,
घरकुलात अम्मा तेंदूपानाची जुडी उसनी द्यायची तसा.
अर्ध्या तासाला एक पिढी.
मला माझ्या तीनच आठवतात.

आमची माळ किती लांब, ती तर विचारूच नका.
कुठल्याशा झाडावर, कुठल्याशा माकडिणीच्या पोटात
एक पत्ता फाटला. आंबट सत्त्व अंगात बनेना.
फळं उदंड होती, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.
त्या फाटक्या पत्त्यापायी अम्मा अजून आवळा चोखते.
शेपटी अशीच कुठेतरी गळाली.
मग कुणीतरी रानात उतरलं,
अंगावरचं दाट लव विरळ होत गेलं, घाम फुटला,
आणि तो घामेजला प्राणी भर उन्हात
सगळे सावलीला गेल्यावरही चालत राहिला.
पत्र्याच्या शेडमध्ये बनियनवर उभे नाना
त्याचीच पाळी पुढे चालवत होते.

सहाव्या टिकलीला बारीकसं रिंगण होतं.
पट्टी लावून मोजलं. पुन्हा मोजलं.
डॉक्टर हत्तुरे फोनवर म्हणाले,
चालेल. पण किडनी सांभाळावी लागेल.

दुपारी वर गेले. अम्मा जागी होती.
"पाच औषधांना पुरून उरले?" ती तेलुगूत म्हणाली,
"म्हणजे आपल्याच पेठेतले असणार."
तिला हसताना टाच दुखली.
मी सांगत बसले, का कोण जाणे,
की असाच एक जंतू फार पूर्वी
कुणाच्या तरी पेशीत शिरला
आणि गेलाच नाही. आत चूल पेटवून बसलाय.
त्याच्यावर आपण चालतो, विड्या वळतो, ताप काढतो.
तो बापाकडून येत नाही.
तुझ्या आईनं तुला दिला, तू मला.

अम्मानं बाटलीकडे बघितलं,
नळीकडे, हाताला चिकटवलेल्या पट्टीकडे.
"हे औषध," ती म्हणाली, "त्याला तर लागायचं नाही ना?"

मी सलाईनचं चाक थोडं हळू केलं
आणि थेंब मोजू लागले.