गळतीचा रकाना

वहीची पाने उडू नयेत म्हणून वेर्लेकरांनी
त्यांच्यावर ठेवलाय बंद पडलेला पितळी मीटर.
अठ्ठावन्न सालचे आकडे गॅलनमध्ये,
"विलायती गॅलन, अमेरिकन नव्हे" असे समासात कुणी शाईने बजावलेले.
पुढच्या वह्या लिटरात.
कारखान्यांचे वर्ष जानेवारीत उजाडते,
पालिकेचे एप्रिलात, धरणाचे ऑक्टोबरात.
गोदीने तर कळवलेच नाही काही; तिथे आधीच्या माणसाने
एकच आकडा नऊ वर्षे पुढे ढकललाय,
दशांशासकट.

मला सांगितलंय, सगळं एका मापात आण,
मग एक्केचाळीस सालापर्यंत रेघ ओढू.

गुणिले चार पॉइंट पाच चार सहा.

परळच्या एका गिरणीचा ग्राहक क्रमांक अजून जिवंत.
रंगखाते बंद पडल्यावरही
तिचे पाणी शून्यावर यायला सहा वर्षे लागली
आणि मग ते एकाएकी चढले:
त्याच क्रमांकावर आता बेचाळीस मजले, गच्चीत तरणतलाव.
उद्योगातून उचलून घरगुतीत टाकते,
आलेखाची खोक बुजते.
पिंटोबाई चष्मा वर करून म्हणतात,
"सांधा दिसत पण नाय गं."

उरतो शेवटचा रकाना.
सोडलेले वजा पोचलेले.
हिशेबाबाहेरचे पाणी: गळती व चोरी.
गोवंडी, ब्याण्णव.

त्या साली मी सात वर्षांची.
मोठ्या पाइपाच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी,
अंधारात सोडायची, उजाडायच्या आत आवळायची.
आवळायला आई,
कारण तिची गाठ सुटत नसे.
दोन हंडे, कळशी, डालड्याचा डबा.
त्यातच भात, त्यातच गणवेश,
त्यातच धाकट्याची पहिली आंघोळ.
थेंब सांडला तर पाठीत धपाटा.

गळती.

"पुढे किती धरायची?" मी विचारते.
"उतरती दाखव," वेर्लेकर म्हणतात, "वरच्यांना उतरती आवडते."

सात माणसे, रोजचे नव्वद लिटर.
उणे करते गळतीतून, घरगुतीत मिळवते.
काहीच हलत नाही.
दशलक्ष लिटरांच्या तक्त्यात
नव्वद म्हणजे शून्य पॉइंट शून्य शून्य.

वेर्लेकर चहाला गेलेत.
रकाना रुंद करते.
आणखी एक घर. आणखी एक.
शेजारचे रकाने पडद्याबाहेर सरकतात,
आणि चार शून्यांच्या रांगेत, सगळ्यात शेवटी,
उभा असतो
नऊ.