सहावा रकाना

आमच्या डाळ मिलच्या वहीत पाच रकाने:
आवक, डाळ, चुनी, भुसा, घट.
सव्वीस वर्षं क्विंटलमागे डाळ सत्तर किलो,
कधी एकाहत्तर.
त्यावर कोणी भांडलं नाही,
कोणी पेढेही वाटले नाहीत.

मग ऐन फेब्रुवारीत,
दिग्रस रोडपर्यंत तुरीच्या गाड्या लागलेल्या असताना,
प्रमोदभाऊ ढोबळेंनी चालता रोल खोलला.
म्हणाले, एमरी दाण्याले ओरबाडते,
रबर लावून पाहू.
"सीझनमधी?" मी विचारलं.
"सीझनमधीच त दाने असतेत ना बाई."

पहिल्या दिवशी डाळ एकोणपन्नास.
दुसऱ्या दिवशी त्रेपन्न.
तिसऱ्या दिवशी रबर जळलं,
त्याचा वास माझ्या डब्यातल्या भाकरीला लागला.
चुनीचं पोतं चुनीच्या पोत्यावर चढत गेलं.
इंदल पवारच्या म्हशी तेवढ्या खूश.
गाड्या वळल्या,
पलीकडच्या मिलच्या फाटकात शिरल्या.
तिथला पट्टा एका सुरात फिरत होता,
तिथले पगार दहा तारखेला झाले,
आमचे सत्तावीसला.
हे लिहून ठेवते,
कारण धाडसाची गोष्ट सांगणारे
नेमकी ही तारीख गाळतात.

भाऊंची जोखीम बँकेच्या शिक्क्याखाली होती,
तानबा गेडामची किराणावाल्याच्या पाठकोऱ्या कागदावर.
दोन्ही जोखमीच.
एकीलाच व्याजदर होता.

अठराव्या रात्री रबर संपलं.
तानबानं कोणाला विचारलं नाही.
ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब कापली,
पुरली तेवढी लावली:
एक पट्टी ट्यूब, एक पट्टी उघडी एमरी,
पुन्हा ट्यूब.
रोल दिसत होता
एखाद्या पोरानं अर्धवट रंगवलेल्या बैलासारखा.

सकाळी म्हणाला,
"चुकलं असन त माह्या पगारातून कापा."
भाऊ बराच वेळ रोलकडे पाहत राहिले.
"चुकलं त माह्या खात्यात," म्हणाले,
"लागलं त तुह्या."
आणि स्वतः बटन दाबलं.

शहात्तर.

कोणी ओरडलं नाही.
भाऊंनी काट्यावर शंका घेतली.
काटा पुसला, माप चढवलं, उतरवलं,
तीच डाळ पुन्हा मोजली.
शहात्तर.
तानबानं ओंजळभर डाळ उजेडात धरली,
एकेक पाकळी, कडा शाबूत,
आणि न धुतल्या हातानंच तोंडात टाकली.

इथं थांबले असते तर गोष्ट छान झाली असती.
पण पुढच्या वर्षी भाऊंनी सुकवणीसाठी
पत्र्याचा लांब बोगदा उभारला,
आणि सतरा पोती तूर आत वाफेवर शिजली.
बोगद्यात आता सायकली ठेवतो.
औंदा चाळणीचा उतार बदलणार म्हणे.
पगाराचे पैसे मात्र आधी वेगळे काढले,
तानबानं ते मोजून घेतल्याशिवाय
पान्याला हात लावला नाही.

यवतमाळच्या सीएनं विचारलं,
"ही तीन आठवड्यांची चुनी तोट्यात टाकू ना?"
मी म्हटलं, थांबा जरा.
पट्टी घेतली, घटीच्या शेजारी
आणखी एक रेघ ओढली.
सहाव्या रकान्याला नाव सुचत नाही.
तानबा म्हणतो, "त्याले शाळा म्हना."
भाऊ म्हणतात, "काहीबी म्हन,
पन बँकवाल्याले दाखवू नको."

सध्या मी तिथं पेन्सिलीनं लिहिते.