लाभ

उदगीरच्या मोंढ्यामागं, बंद डाळमिलीत
माझी चार यंत्रं चालतात.
तूर भरडायच्या चक्कीचा ओटा अजून तिथंच आहे,
त्यावर रॅक, रॅकवर यंत्रं.
भिंतीच्या फटींतून जुनी चुनी गळते,
पंख्यांच्या गरम वाऱ्यात उडते.
नुसत्या आकड्यांच्या या धंद्याला
वास मात्र तुरीचा.

दोन वर्षं मी पूलमध्ये होते.
पूल कुठं होता, ठाऊक नाही.
तिकडून बांधलेलं पोतं यायचं.
कुणाचे व्यवहार आत घ्यायचे, कुणाचे बाहेर ठेवायचे
ते ठरवून, तोंड शिवून.
माझ्या यंत्रांनी फक्त आकडा लावून बघायचा,
सेकंदाला कोटी कोटी वेळा,
चुकला, चुकला, चुकला.
आणि संध्याकाळी मोबाइलवर पट्टी:
एवढं चाललं, एवढी आडत, एवढं तुझं.

अप्पा चाळीस वर्षं मोंढ्यात मापाडी.
खाटेवरून म्हणाले,
"पोत्यात का हाय, बगितलीस का कदी?"
नाही.
"मग तू मापाडी नव्हंस. हमाल हाईस."

मग बराच वेळ ते रुमालाबद्दल बोलत राहिले.
त्यांच्या लहानपणी दोन व्यापारी
रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे,
आणि ज्याचा माल
तो रुमालाकडं बघत उभा.

देगलूरचा खय्यूम, पंपसेटचं वाइंडिंग करणारा.
जळकोटच्या प्रयागबाई, पिठाची गिरणी, एकच यंत्र,
त्याच्या झळेवर शेवया वाळवतात.
अहमदपूरचा मन्मथ.
आणि मी.
आम्ही ठरवलं, पोतं आपलं आपण भरायचं.

खय्यूमनं गणित मांडलं:
चौघांचीच यंत्रं धरली
तर एक ब्लॉक सापडायला वीस वर्षं.
"तवर माझी नात गिरणी चालवंल," प्रयागबाई म्हणाल्या,
आणि हसल्या नाहीत.

म्हणून सावड केली.
आपल्यासारखेच कुठं कुठं बसलेत,
नाव नाही, गाव नाही, बांधाला बांध तर नाहीच.
ज्याचं पोतं त्यानं भरायचं,
ज्याला सापडेल त्यानं सगळ्यांना वाटायचं.
हिशेबाची वही प्रत्येकाकडं,
खाडाखोड केली एकानं
तर बाकीच्या वह्या बोलतात.

पहिला महिना, काही नाही.
दुसऱ्यात एवढंसं, तेही कुणा परक्याला सापडलं त्यातलं.
जुन्या पूलचा निरोप आला: परत या,
तीन महिने आडत माफ.
मन्मथ गेला. त्याच्या मुलीची फी भरायची होती.
कुणी रागावलं नाही.

आपण भरलेल्या पोत्यावर
चार अक्षरं आपली लिहिता येतात,
सापडलं तर ती कायमची राहतात.
पूर्वी तिथं पूलचं नाव असायचं.
खय्यूम म्हणाला, देगलूर लिहू.
प्रयागबाईंना नातीचं नाव हवं होतं.
फोनवर अर्धा तास वाद, यंत्रांच्या गोंगाटात,
सापडलेलं काहीच नसताना.

अप्पा ऐकत होते.
"पयल्या मापाला एक म्हणतेत का?"
आणि खाटेच्या लाकडावर हात ठेवून,
मोंढ्यातल्या त्या जुन्या सुरात,
"लाभ.
दोन.
तीन."
चारपाशी त्यांना खोकला आला.

काल रात्री लाइट गेली.
पंखे हळू हळू थांबले,
आणि दोन वर्षांत पहिल्यांदा
चुनी गळताना ऐकू आली.

लाइट परत आली तेव्हा नवं पोतं भरत होते.
यादीच्या तळाशी कुणाचा तरी व्यवहार,
इतका बारका
की त्यावर मिळायचं ते नसल्यासारखंच.
बहुतेक सगळ्यांनी तो बाहेर ठेवला असेल.
माझ्याकडं जागा होती.
तो आत घेतला, वर लिहिलं, लाभ,
आणि प्रयागबाईंना फोन लावला,
त्यांच्याकडं लाइट आली का विचारायला.