अकरा युनिट

सकाळचे सात. कोहरा.
घरी मराठी बोलतो आम्ही, पण याला कोहराच म्हणतो;
धुकं म्हणावं इतकं हे स्वच्छ नसतं.
हजिऱ्याच्या गल्लीत मीटर आधी हाताला लागतं, मग डोळ्यांना.
काचेवर फुंकर मारतो.
काजळी जागची हलत नाही.
रुमालानं पुसतो, आकडा भरतो, फोटो काढतो.

मिलचा भोंगा थांबला त्या वर्षी
दोरीवरचे सदरे संध्याकाळपर्यंत पांढरे राहिले.
काकू त्यांच्याखाली उभी राहून रडली होती:
एवढे पांढरे, आणि घालून जायचं कुठे?

रामश्रीबाईंचे अकरा युनिट.
एक बल्ब, एक मोबाइल, बाकी सगळं सिगडीवर.
सिगडीत फर्निचरवाल्याकडचे प्लायचे तुकडे;
त्यातला गोंद पेटला की ज्योत निळी होते
आणि डोळ्यांत मिरची.
मी अकरा भरले. मोबाइल लाल झाला.
वापर असामान्य. चोरीची शंका. पुन्हा तपासा.

सिटी सेंटरच्या कोपऱ्यावरचा बंगला,
अठ्ठावीसशे चाळीस.
हिरवं. पुढे चला.
चौकीदार भदौरिया म्हणाला, साहेब गावाला गेलेत,
आत येऊन दम खा जरा.
हॉलमध्ये एक पांढरं यंत्र मांजरासारखं घुरघुरत होतं,
मालक नसतानाही.
त्याच्या कपाळावर आकडा: एकतीस.
सवयीनं तोही उतरवायला गेलो.
पाच मिनिटं नुसता उभा राहिलो.
छातीतली शिट्टी थांबली,
आणि लाज वाटली,
दुसऱ्याच्या डब्यातलं न विचारता खाल्ल्यासारखी.

आता स्वतःचंही सांगून टाकतो.
वैजयंती मालनपूरला लागली, बिस्किटांच्या कारखान्यात.
फ्रीज आला. गीझर आला.
भाषणात विकास म्हणतात, आमच्या घरात त्याला वाढ म्हणतात,
पानावर बसल्यावर म्हणतो तेच: वाढ.
मी कधी पानावर हात आडवा धरला नाही.
नव्वदाचे दोनशे साठ झाले.
त्यात माझं वाफेचं मशीन, दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं.
कुठेतरी कोळसा जळतो
तेव्हा मला श्वास येतो.

डॉक्टर सिकरवार नळी पुढे करतात. फुंका. अजून जोरात.
मार्चमध्ये दोनशे ऐंशी. आज दोनशे दहा.
मीटर उलटं फिरलं तर चोरी समजावी,
हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं.
फाइलीत तसा रकाना नव्हता.
डॉक्टर म्हणाले, धुरात जाऊ नका.
मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला गेलो, भर दुपारी.
ऊन पडलं होतं, पण न घासलेल्या पितळेसारखं.
रामश्रीबाईंच्या खोलीत बल्ब जळत होता.
"काल तुम्ही गेलात तेव्हापासून विझवलाच नाही," त्या म्हणाल्या,
"शेजारची म्हणाली, कमी आला तर चोर ठरवतात.
बघा ना भैया, आता पुरेल का?"
सिगडीचा धूर उजेडाभोवती फिरत होता,
दाराकडे जायचं सोडून.
मी काच पुसली.
अकराचे बारा झाले होते.